लागू पडलेलं नाव

"सुहासिनी," नाईकनवरे बाईंनी वाचलं. "म्हणजे गोड हसणारी."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी हसत नव्हते. बाईंनी मुकाट्याने पान उलटलं.

"मृदुला. मऊ स्वभावाची."

शिक्षकखोलीच्या कोपऱ्यात वह्या तपासत बसलेले गणिताचे सर खोकल्याचं निमित्त करून हसले. आदल्याच आठवड्यात मी वर्गातल्या एका मुलाच्या पाठीत कंपासपेटी घातली होती आणि ते प्रकरण त्यांच्याकडेच गेलं होतं.

"बाई, पुढचं बघा," ते म्हणाले.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते, नववीत होते आणि माझं नाव नकुसा होतं. आमच्या भागात एकीपाठोपाठ एक मुलीच होत गेल्या की शेवटच्या मुलीचं हे नाव ठेवायची रीत होती. नकुसा म्हणजे नको असलेली. असं नाव ठेवलं की देवाला समजतं, या घरात आता माल बदलून पाहिजे आहे, आणि तो मुलगा पाठवतो. माझ्या आधी दोघी बहिणी झाल्या होत्या. तिसरी मी. देवाला निरोप पोचला आणि दोन वर्षांनी माझा भाऊ झाला. त्याचं नाव काढायला दोन भटजी आणि एक निवृत्त हेडमास्तर बसले होते म्हणे. तिघांनी मिळून विश्वजित काढलं. विश्वजित म्हणजे जग जिंकणारा. तो बेडकाला भीत असे.

त्या वर्षी आमच्या शाळेत वरून पत्र आलं. तालुक्यातल्या अठरा वर्षांखालच्या सगळ्या नकुसांची नावं बदलायची होती. समाजावरचा हा कलंक पुसून काढण्यासाठी शनिवारी तालुक्याच्या गावी मोठा कार्यक्रम होणार होता. सोनेरी काठाची प्रमाणपत्रं छापायची असल्यामुळे नवी नावं आधी कळवायची होती. थोडक्यात, कलंक गुरुवारी दुपारी चारपर्यंत पुसून कार्यालयात जमा करायचा होता.

शाळेत आम्ही तिघी होतो. पाचवीतली आणि सातवीतली, दोघींनी एकाच मालिकेतल्या नायिकेचं नाव लिहून दिलं आणि त्या सुटल्या. मी अडले. मला अर्थ बघून नाव घ्यायचं होतं. चौदा वर्षं एका नावाचा अर्थ अंगावर वागवल्यावर माणूस जरा चौकस होतो.

म्हणून बाईंनी घरून नावांचं पुस्तक आणलं होतं. स्वतःच्या मुलीच्या वेळी त्यांनी ते विकत घेतलं होतं आणि त्यातून ऋतंभरा हे नाव काढलं होतं. गल्लीत तिला सगळे चिंगी म्हणत. जे नाव गावात कुणाच्या जिभेला वळणार नाही ते चांगलं, अशी बाईंची साधी कसोटी होती.

"विनया, नम्र. शालिनी, लाजाळू. क्षमा, माफ करणारी."

"कुणाला?" मी विचारलं.

"असं विचारायचं नसतं गं."

"बाई, मुलांची पानं बघू का जरा?"

बाईंनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. अजिंक्य, दिग्विजय, रणजित, शत्रुंजय. मुलं सगळी कुठेतरी निघाली होती, कुणाला तरी मारायला. मी परत मुलींच्या पानांवर आले. मुली सगळ्या कमळात बसल्या होत्या.

"हे बघ," बाईंनी एका जागी बोट ठेवलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "ईप्सिता. म्हणजे जिची मनापासून इच्छा केली होती ती. नकुसाच्या नेमकं उलट. असं नाव आख्ख्या तालुक्यात नसेल."

"पण बाई, ते खोटं आहे."

"काय खोटं?"

"कुणी केली होती माझी इच्छा?"

बाईंनी नकळत आपल्या अंबाड्याला हात लावला. तो मोठ्या लिंबाएवढा होता. "माझं नाव सुकेशिनी आहे," त्या म्हणाल्या. "नावं खरी असतात असं कुणी सांगितलं तुला?"

तेवढ्यात मला दिसलं. पानाच्या अगदी तळाशी होतं. स्वयंप्रभा, स्वतःच्या तेजाने उजळणारी. कुणी केलेली इच्छा नाही, कुणाला हसून दाखवणं नाही, आणि तेलही बाहेरून कुणी घालायला नको. मी बोट ठेवलं ते उचललंच नाही.

बाईंनी दोनदा म्हणून पाहिलं आणि त्या खूश झाल्या. "गावात कुणालाही धड म्हणता येणार नाही," म्हणाल्या आणि त्यांनी फॉर्मवर घोटीव अक्षरात ते नाव लिहिलं. फॉर्मच्या तळाशी एक ओळ होती, आईची सही अनिवार्य. बापाची सही कुठेच मागितली नव्हती. कलंक आयांनीच लावला असणार, हे कार्यालयाने आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं.

घरी आप्पांची काहीच अडचण नव्हती. सरकार देतंय तर घ्यायचं, हे त्यांचं सगळ्याच बाबतीतलं धोरण होतं.

"काय देणार हायत?" त्यांनी विचारलं.

"नाव."

"ते झालं. त्याच्यासंगं काय?"

"दप्तर."

"एकच?"

अडली ती आई. सोमवारी संध्याकाळी मी फॉर्म आणि पेन घेऊन चुलीपाशी गेले, तर ती भाकरी थापत होती. "हात पिठाचा हाय," ती म्हणाली. मंगळवारी गेले तर हात शेणाचा होता. बुधवारी ती हात धुऊन, पुसून, तव्यावरच्या भाकरीकडे बघत बसली होती.

"आज हात कशाचा आहे?" मी विचारलं.

"कशाला गं बदलायचं?" ती म्हणाली. "चौदा वर्सं चाललंच की."

"तुझं चाललं. माझं नाही चाललं."

"हळू बोल. विश्वजितच्या अंगात कसर हाय."

विश्वजित सकाळी दोनदा शिंकला होता. बारा वर्षांचं ते धूड आत घोंगडीत गुंडाळून झोपवलेलं होतं आणि त्याच्या उशाशी सुंठ उगाळून ठेवली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. या घरात मला कधी ताप आला तर तो उतरल्यावरच कुणाच्या तरी लक्षात येई.

तोवर मी असं धरून चालले होते की माझं नाव आजीने ठेवलं. आजी मी तीन वर्षांची असताना वारली. गेलेल्या माणसावर राग धरणं सोयीचं असतं, ते काही उलटून बोलत नाही. पण सही अडवून धरणारी ही बाई तर जिवंत समोर बसली होती.

"उद्या सही नाही मिळाली तर दहावीच्या सर्टिफिकेटवर मी नकुसा," मी म्हणाले. "लग्नाच्या पत्रिकेवर नकुसा. मेले की दहाव्याच्या कागदावरही तेच. तुला काय कळणार? तुझं नाव मंगल आहे. तुला आयुष्यात एकदा तरी कुणी नको म्हणून हाक मारली आहे का?"

आईने मान वर केली नाही. तव्यावरची भाकरी तिने उलटली नाही. ती तशीच करपली, धूर झाला, आणि ती बघत राहिली. आमच्या घरात करपलेली भाकरी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मला वाटलं, बरं झालं, लागलं हिला.

गुरुवारी सकाळी फॉर्म माझ्या वहीत घडी घालून ठेवलेला होता. तळाशी सही होती. आई प्रौढ साक्षरता वर्गात तीन अक्षरं शिकली होती, तीच तीन अक्षरं. पेन इतकं दाबून धरलं होतं की 'ल'च्या गाठीत कागद फाटला होता. मी तिला काही म्हणाले नाही. आभार मानायची आमच्यात पद्धत नव्हती, आणि असती तरी मी मानले नसते.

थोरल्या दोघी बहिणी सासरी होत्या, शनिवारी आम्ही बाकीचे चौघं एसटीने तालुक्याला गेलो. आई येईल असं मला वाटलंच नव्हतं. पण ती आली, आणि विश्वजितचं मनगट धरून आली. त्याच्या गालावर रुपयाएवढा काळा टिळा होता आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात बिब्बा ओवून बांधला होता. मिसरूड फुटायच्या बेताला आलेला मुलगा तान्ह्या बाळासारखा सजवून आणला होता. तो बिचारा खिडकीकडे तोंड करून बसला. एसटी खड्ड्यात आदळली की आई आधी त्याच्याकडे बघे. माझं नाव बदलायला निघालो होतो आणि नजर काढणं त्याचं चाललं होतं. मी सगळा रस्ता दात ओठ खात बसले.

कार्यक्रम शाळेच्या पटांगणात मांडवाखाली होता. पुढे सोफे, मागे खुर्च्या, त्यामागे सतरंजीवर बाया. आम्हा मुलींना बाजूच्या बाकांवर बसवलं होतं आणि प्रत्येकीच्या छातीवर नंबर टाचला होता. माझा अकरा. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले आणि आल्यावर वेळेचं महत्त्व सांगू लागले. मग अज्ञान, अंधश्रद्धा, आणि निरक्षर माता यांच्यावर चार जण बोलले. निरक्षर माता सतरंजीवर पदर सावरून ऐकत होत्या. त्यांना टाळ्या वाजवायला सांगितलं, त्यांनी वाजवल्या.

मग सूत्रसंचालकांनी माइक हातात घेतला. हे गृहस्थ लग्नात मंगलाष्टकं म्हणत असावेत, त्यांचा सूर तसाच होता.

"आता मी विनंती करतो," ते म्हणाले, "की सर्व नकुसांनी कृपया उठून व्यासपीठाकडे यावं."

आम्ही उठलो. आणि सतरंजीवरच्या बायाही उठल्या.

सगळ्या नाही. पाच-सहा असतील. एक काठी टेकत उठणारी म्हातारी होती. एकीच्या कडेवर पोर होतं. एक चांगलं जरीकाठाचं पातळ नेसलेली, गळ्यात बोरमाळ घातलेली होती. कार्यालयातल्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं की नकुसा मोठ्या होतात. त्यांची लग्नं होतात, त्या म्हाताऱ्या होतात आणि आपल्या नातींचा कार्यक्रम बघायला येतात. हाक आली तशा त्या उठल्या होत्या, जन्मभर उठत आल्या तशा.

"आजी, तुम्ही नाही," सूत्रसंचालक घाईघाईने माइकवरच म्हणाले. "अठराच्या आतल्या फक्त."

"मग आमचं कवा?" म्हातारीने विचारलं.

मांडवात हशा पिकला. प्रमुख पाहुणेही हसले. मीही हसले, आणि हसता हसता मला माझी आई दिसली.

ती त्या म्हातारीच्या शेजारी अर्धवट उठली होती. एक गुडघा अजून सतरंजीवर होता, एक हात विश्वजितच्या मनगटावर होता. ती इकडेतिकडे बघत नव्हती. हाक मारणारा जिकडे होता तिकडे बघत होती. मग म्हातारी तिच्याकडे वळून म्हणाली, "तू बी का गं बाय?" तेव्हा आई भानावर आली आणि खाली बसली. तिने पदर पुढे ओढला.

मागच्या मुलीने मला ढकललं म्हणून मी पायऱ्या चढले. पुढचं सगळं मी झोपेत असल्यासारखं केलं. पाहुण्यांनी प्रमाणपत्र दिलं, दप्तर दिलं. दप्तरावर त्यांचाच फोटो होता.

"वा, स्वयंप्रभा," ते कागद बघून म्हणाले. "अर्थ काय बाळ याचा?"

"स्वतःच्या उजेडानं उजळणारी."

"ऐकलंत?" त्यांनी माइक ओढून घेतला. "आपल्या खात्याच्या अथक प्रयत्नांमुळे आज ही मुलगी स्वतःच्या उजेडानं उजळली आहे."

टाळ्या पडल्या. फोटो निघाला. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात बाकी सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि मी सतरंजीकडे.

कार्यक्रमानंतर आप्पा फोटोग्राफरच्या मागे गेले. आई आणि मी स्टँडवर एका बाकावर बसलो. विश्वजित समोरच्या रसवंतीवर उभा होता. तेवढंच, दहा पावलांवर, आईने त्याला सोडलं होतं. ती बोलली ते सगळं त्याच्याकडे बघत बोलली.

"तू का उठलीस मघाशी?" मी विचारलं.

"पाय भरून आला हुता."

"आई."

घुंगरं बांधलेला रसाचा चरक फिरत होता. मग ती म्हणाली, "माझं बी तेच नाव हुतं."

"मंगल कुठून आलं मग?"

"लगीन झालं तवा. तुझ्या बापानं ताटातल्या तांदळात अंगठीनं लिवलं. त्याला न्हाई येत लिवायला, भटजीनं हात धरला." ती जराशी हसली. "मला लई बरं वाटलं हुतं. वाटलं, सुटले."

"मग?"

"माझ्या पाठीवर एक भाऊ झाला हुता. माझ्या नावानं आलेला."

तो मामा मला माहीत होता. म्हणजे आजोळच्या भिंतीवरचा हार घातलेला फोटो माहीत होता. विहिरीत गेला, एवढंच आम्हाला सांगितलेलं होतं.

"चांगला पवणारा गडी," आई म्हणाली. "रोज त्याच हिरीत उड्या मारायचा. माझं नाव बदललं आन् सातव्या महिन्यात गेला. माझी आई छाती बडवून म्हनली, पोरी, तुझं नाव गेलं आन् माझा पोरगा गेला."

मी नववीत होते. विज्ञानात मला पंचेचाळीसपैकी एकेचाळीस मार्क होते. असलं काही नसतं, हे मी तिला कारणांसकट सांगू शकले असते. पण गालावरचा टिळा, बिब्बा, धरलेलं मनगट, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं.

"माझं नाव आजीनं ठेवलं ना?" मी विचारलं. मला ते आजीनेच ठेवलेलं हवं होतं.

"त्या म्हातारीचं कशाला नाव घेतीस. ती नकोच म्हनत हुती." आईने रसवंतीवरची नजर काढली नाही. "मीच ठेवलं. मला ठाव हुतं, ते लागू पडतं."

एखाद्या काढ्याबद्दल बोलावं तशी ती म्हणाली. मला तिची इतकी चीड आली की बाकावरून उठावं आणि चालू लागावं असं वाटलं. जे हिच्या स्वतःच्या कपाळावर मारलं होतं तेच हिने नीट समजून उमजून माझ्या कपाळावर मारलं. आणि मी उठून गेले असते, पण एक प्रश्न राहिला होता.

"मग सही का केलीस?"

विश्वजितचा रस पिऊन झाला होता. तो ओठ पुसत आमच्याकडे येऊ लागला. आई घाईने बोलली.

"दोघं बी माझीच न्हवं? एकीला गहाण ठिवून दुसऱ्याला किती वर्सं सांबाळू? माझ्या आईनं मला कवाच सोडवलं न्हाई. आता हुईल ते हुईल."

तिने विश्वजितचं मनगट धरलं आणि त्याला मांडीला मांडी लावून बसवलं. माझ्या मांडीवर ते नवं दप्तर होतं. त्याच्यावरचे पाहुणे हात जोडून हसत होते.

ती बाई आपला मुलगा मरणार असं समजत होती. समजत होती म्हणजे, उद्या सूर्य उगवणार हे जसं समजतं तसं. आणि तसं समजून तिने पेन दाबून, कागद फाटेपर्यंत सही केली होती. मी हसण्यावारी न्यावं असं यात खूप काही होतं. आजही आहे. विश्वजित आता चाळिशीच्या आत-बाहेर आहे, टायरचं दुकान चालवतो, जिन्याचे दोन मजले चढला की धापा टाकतो, आणि आपण कशाच्या बदल्यात मिळालो होतो ते त्याला ठाऊक नाही. पण त्या दिवशी स्टँडवर मला हसू आलं नाही. मला आईच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं, आणि तिथे तर तो बसला होता.

त्यानंतर शाळेत मी स्वयंप्रभा झाले. बाई हजेरी घेताना माझं नाव चघळून घेत. आप्पा परभा म्हणत. विश्वजितने पहिल्याच दिवशी सपशेल हार मानली आणि तो ताई म्हणू लागला, त्याआधी त्याने मला कधी ताई म्हटलं नव्हतं. आई मात्र मला कोणत्याच नावाने हाक मारत नसे. जुनं ती घेत नव्हती आणि नवं तिच्या तोंडून निघत नव्हतं. सही तिने केली होती, पण ते नाव उच्चारून देवाला आठवण करून द्यायची तिची तयारी नव्हती. "अगं ए," ती म्हणायची. "पोरी." कधी नुसतं भांडं आपटायची.

विश्वजित विहिरीवर निघाला की ती त्याच्यामागे निघे. सुरुवातीला मला गंमत वाटली. मग मे महिन्यात एकदा ती आजारी होती आणि तो पोहायला गेला, तर मी चप्पल न घालता विहिरीपर्यंत पळत गेले. काठावर उभी राहून मी त्याची प्रत्येक बुडी मोजली. वर आला की मी श्वास सोडायची. विज्ञानात एकेचाळीस मार्क मिळवणारी मुलगी. सात महिने मी घरातल्या कॅलेंडरवर मनातल्या मनात फुल्या मारत होते, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सप्टेंबरात सात महिने भरले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. विश्वजित उठला, त्याने दात घासले, कालची शिळी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, आणखी मागितली, आणि चड्डी सावरत खेळायला गेला. आईने त्याला जाऊ दिलं. ती दारात उभीही राहिली नाही. शेरडांना पाला घालायला ती चुलीमागचं दार उघडं टाकून परड्यात गेली.

मी पडवीत अभ्यास करत बसले होते. चुलीवर काय चाललं आहे याच्याकडे माझं लक्ष नव्हतं. परड्यातून आईचा आवाज आला, खणखणीत, चार घरांना ऐकू जाईल असा, आणि एकेक अक्षर सुटं, जणू महिनोन्महिने ती ते मनात घोकत होती.

"स्वयंप्रभे, दूध उतू चाललंय. कान फुटले का तुझे?"

"आले," मी म्हणाले. पण उठायला मला जरा वेळ लागला, आणि तोवर निम्मं दूध चुलीत गेलं होतं.